भिंतीवरच्या रेघा

पहाटे साडेपाच. कोल्हापुरातली एक तालीम. पोरं हौद्यातली तांबडी माती खोऱ्यानं उकरतायत, ताक-हळद मुरलेल्या मातीचा वास दारापर्यंत येतोय. दाराशेजारी भिंतीवर कोळशाच्या रेघा, एकावर एक. नव्या पोरांना वाटतं कुणीतरी जोर मोजून ठेवलेत.

त्या वस्तादांच्या खांद्याच्या आहेत.

बारा वर्षांपूर्वी कुस्तीत समोरच्यानं ढाक डाव लावला, वस्ताद उजव्या खांद्यावर आपटले आणि खांदा निखळला. आता बघा, खांद्याची खोबण म्हंजे काय खोल वाटी नसती, बशीच म्हणा, हाताच्या हाडाचा गोळा तिच्यात जेमतेम तिसरा-चौथा हिस्सा टेकतो. म्हणून तर हात चौफेर फिरतो, आणि निखळतोही. निखळताना गोळ्यानं बशीच्या काठाचा टवकाच उडवला.

एक्स-रेत फारसं काय दिसलं नाय, खांदा बसवला, सगळे खूश. पण हात वर नेला की खांदा सटकतोय असं वाटायचं, शेवटी सीटी स्कॅन केला तेव्हा कळलं टवका बशीच्या पाव भागाएवढा आहे. मग ऑपरेशन, दोन स्क्रू, आणि गळ्यात हात.

हाड दोन-तीन महिन्यांत जुळलं. खांदा मात्र पार आखडलेला. तेल रगडून असा हात उपटून घेणारे आपल्याकडं कमी नाहीत, ते बघवत नाय. वस्तादांनी मुकाट फिजिओथेरपी केली, आधी वाकून हात लोलकासारखा सोडायचा, मग भिंतीवर बोटांनी चढायचं. दर आठवड्याला जिथं बोट पोचलं तिथं रेघ. पहिली छातीला, शेवटची डोक्याच्या वर वीतभर. त्याच्या वर भिंत कोरी आहे.

कारण आपटताना आतल्या कुर्चेलाही, म्हंजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत अस्तरालाही मार बसतो. त्यात हाड जुळताना सांध्यात पायरी राहिली, चार-पाच मिलिमीटरची का असेना, तर दर हालचालीला घासत राहतं, आणि झीज कधीकधी वर्षांनी दिसते. फ्रॅक्चर भरलं की फाईल माळ्यावर टाकणारे इथंच फसतात.

वस्ताद आजही उजव्या कुशीवर झोपत नाहीत. सदरा घालताना आधी उजवी बाही. जोर बंद, जड लाकडी करेल फिरवणं बंद. दाराच्या कडीला सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधलीय, कोपर कमरेला चिकटवून ती हळूहळू बाहेर ओढतात, गोळा बशीत धरून ठेवणारे छोटे स्नायू त्यानं ताकदीत राहतात. रोज, चहाच्या आधी.

हौद्यात जोड लागली. कडेला बसलेल्या वस्तादांनी शड्डू ठोकला, डाव्या हातानं.