बोललेलं लिहिताना

श्रोतेहो, नमस्कार.

रेडिओवरचं भाषण आधी कागदावर उतरतं आणि मग माइकपुढे येतं. मी आत्ता जे बोलतेय, तेही लिहूनच आणलंय. पॉडकास्टचं सगळं उलटं. तिथे माणसं आधी तासभर मोकळेपणी बोलतात आणि लिहायचं काम मागे उरतं. एपिसोडच्या ट्रान्सक्रिप्टवरून, म्हणजे बोलण्याच्या शब्दशः लेखी मजकुरावरून, शो नोट्स, म्हणजे एपिसोडसोबत दिली जाणारी लेखी माहिती लिहायची, जमलं तर एखादा वाचनीय लेखही करायचा, या मागे उरलेल्या कामाबद्दल आज बोलायचंय.

ट्रान्सक्रिप्ट मिळवणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. ओपनएआय या कंपनीने सप्टेंबर २०२२ मध्ये 'व्हिस्पर' हे बोलणं ऐकून मजकूर लिहिणारं मॉडेल सगळ्यांसाठी खुलं केलं. ६ लाख ८० हजार तासांच्या ध्वनिमुद्रणांवर ते तयार झालं होतं. मार्च २०२४ पासून ॲपलच्या पॉडकास्ट ॲपमध्येही काही भाषांतल्या एपिसोड्सची ट्रान्सक्रिप्ट आपोआप दिसू लागली. मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द धरले, तर तासाभराच्या गप्पांचे सहा ते साडेसात हजार शब्द होतात. एवढा मजकूर आयता हातात पडला की वाटतं, लिहिणं झालंच, आता थोडी साफसफाई केली की काम संपलं. फसगत होते ती इथेच. कुठे काय बोललं गेलं, हे ट्रान्सक्रिप्ट सांगते. काय म्हणायचं होतं, ते बरेचदा आवाजातच राहून जातं.

समजा, एक पाहुण्या आपल्या नव्या उपक्रमाबद्दल सांगतायत. "पहिल्या वर्षी तीनशे जण आले... नाही नाही, थांबा, तीनशे दुसऱ्या वर्षी. पहिल्या वर्षी कसले तीनशे, चाळीस आले तेच खूप वाटले. आणि हो, मदत तर सगळ्यांनी इतकी केली, इतकी केली, की विचारू नका!" हे कानांनी ऐकलं, तर शेवटच्या वाक्यातला खवचटपणा लपत नाही. मदतीला कुणी फिरकलंच नव्हतं. आता हाच मजकूर घाईघाईने आटोपता केला, तर नोट्समध्ये काय येतं? "पहिल्याच वर्षी ३०० जणांचा प्रतिसाद मिळाला आणि सर्वांचं मोलाचं सहकार्य लाभलं." वाक्य कसं गुळगुळीत, आणि त्यातल्या दोन्ही गोष्टी खोट्या. गंमत म्हणजे ट्रान्सक्रिप्टमध्ये शब्दाचीही चूक नव्हती!

मग जिथे शब्दच चुकतात, तिथलं काय सांगावं? आपण बोलताना "मी ते करणार ना" आणि "मी ते करणार नाही" यांत शेवटचं अक्षर अनेकदा गिळतो. माणसाला ते कळतं, यंत्राला कळेलच असं नाही. मध्ये शांतता असली किंवा नुसतं संगीत वाजत असलं, तर व्हिस्परसारखी मॉडेल्स कधीकधी कुणीच न उच्चारलेलं वाक्य टाकून देतात, 'पाहिल्याबद्दल धन्यवाद' अशा छापाचं. म्हणून माणसांची नावं, आकडे, नकार आणि अवतरणचिन्हांत जाणारं प्रत्येक वाक्य हेडफोन लावून पुन्हा ऐकायचंच. सगळा तास पुन्हा ऐकायची गरज नाही, पण एवढ्या जागा चुकवायच्या नाहीत.

आता शो नोट्स. "या भागात अमुक यांच्याशी दिलखुलास गप्पा, नक्की ऐका!" असल्या ओळी मला सोसत नाहीत. गप्पा दिलखुलास होत्या की नाही, ते ऐकणारा ठरवेल. त्याला हे सांगा की गप्पांत निघालं काय. फोनवर सुरुवातीच्या दोन-तीन ओळीच दिसतात. तिथे वजन हवं. आपल्या त्या पाहुण्यांचंच घ्या. "पहिल्या वर्षी चाळीस, दुसऱ्या वर्षी तीनशे. हा फरक जाहिरातीने पडला नाही, त्या चाळीस जणांना दर आठवड्याला फोन केल्याने पडला." हे वाचून कुणी ऐकेल, कुणी पुढे जाईल. जाणाऱ्याचाही तासभर वाचला.

नोट्सकडे वळणारा दुसरा माणूस म्हणजे आधीच ऐकून झालेला. चालता चालता ऐकलं होतं, एका पुस्तकाचं नाव निघालं होतं, ते आता हवंय. त्याच्यासाठी नावं, लिंक्स आणि टाइमस्टॅम्प, म्हणजे कुठला विषय कितव्या मिनिटाला येतो त्या वेळा. नोट्स यंत्राकडून लिहून घेतल्या आणि लिंकही त्यानेच सुचवली असेल तर स्वतः उघडून बघा, अस्तित्वातच नसलेले पत्ते ते बिनदिक्कत देतं. टाइमस्टॅम्प दर पाच मिनिटांनी टाकत सुटू नका. विषय जिथे वळतो तिथे टाका, तासाला सहा-आठ पुरतात. यात एक मेख आहे. ज्या एपिसोडमध्ये डाउनलोडच्या वेळी जाहिराती घातल्या जातात, तिथे दोन श्रोत्यांच्या हाती कमीजास्त लांबीची फाइल येऊ शकते. तुमचं ३२ मिनिटं १० सेकंद त्याच्याकडे साडेतेहतीसवर असेल. अशा वेळी वेळेसोबत त्या प्रश्नाचे पहिले चार शब्दही द्यावेत, म्हणजे शोधणाऱ्याला खूण सापडते.

लेख करायचा असेल तर ते वेगळं काम समजा. बोलण्याचा क्रम वाचनाला सोसत नाही. पाहुणा खुलायला वेळ लागतो, सगळ्यात मोलाची गोष्ट चाळिसाव्या मिनिटाला निघते. लेख तिथून सुरू करा. 'म्हणजे', 'ॲक्च्युअली', 'काय झालं माहितीय का' हे काढलंत तरी चालेल. पण वीस मिनिटांच्या अंतराने बोललेली दोन वाक्यं एकाच अवतरणात शिवू नका. आणि कृपा करून माणसाची बोली घासूनपुसून सरळ करू नका. "मी गेले, बघितलं आणि परत आले" असं सांगणाऱ्या बाईच्या तोंडी "माझे तेथे जाणे झाले" हे घातलं, की मुलाखत तिची राहत नाही. यंत्राकडून मसुदा करून घेतला तर ही इस्त्री हमखास फिरलेली असते.

पूर्ण ट्रान्सक्रिप्टही वेगळी द्या, बोलणाऱ्यांची नावं घालून. ज्यांना ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी तोच एपिसोड असतो. वेबच्या सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत, ज्यांना डब्ल्यूसीएजी म्हणतात, नुसत्या ध्वनिमुद्रणाला असा लेखी पर्याय देणं अगदी पहिल्या पातळीवर अपेक्षित आहे.

मात्र ती कुठल्या फाइलवरून काढताय, ते पाहा. पाहुणा रेकॉर्डिंगनंतर म्हणतो, "ते भावाबद्दलचं काढून टाका हं." तुम्ही ऑडिओतून काढताही. पण ट्रान्सक्रिप्ट काटछाटीआधीच्या फाइलवरून निघालेली असते, आणि भावाची सगळी हकिकत शब्दशः लेखी प्रसिद्ध होते. तेव्हा काटछाट संपून अंतिम फाइल तयार झाली, की ट्रान्सक्रिप्ट नव्याने काढा आणि जुनी पुसून टाका.

नमस्कार.