पुणे समुद्रात कसं बुडतं?

नमस्कार श्रोतेहो.

पुण्याचे अक्षांश 18 अंश 31 मिनिटं, रेखांश 73 अंश 51 मिनिटं. हेच एखाद्या विद्यार्थ्यानं घाईघाईत एक्सेलमध्ये 18.31 आणि 73.51 असं मधे टिंब देऊन लिहिलं, की संगणक त्याला दशांश समजतो. अंशात मिनिटं साठ असतात, शंभर नव्हेत, हे त्याला कोण सांगणार? तो बापडा पुणं उचलून चाळीसेक किलोमीटर नैऋत्येला, तोरण्याच्याही पलीकडे नेऊन ठेवतो. आणि दोन्ही रकान्यांची अदलाबदल झाली तर पुणं थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात!

हसू येतं, पण या चुका बऱ्या. त्या दिसतात तरी. न दिसणाऱ्या चुका जास्त छळतात.

मी संशोधक विद्यार्थ्यांना नकाशाचा डेटा सांभाळायला मदत करते. काही वर्षांपूर्वी एक मुलगी विहिरींची फाइल घेऊन आली. तिच्या आधीच्या विद्यार्थ्यानं केलेली, दोन-तीनशे विहिरींची. ती मोबाइल घेऊन गावात गेली, तर एकही विहीर जागेवर नाही. सगळ्या शंभरेक मीटर सरकलेल्या, आणि सगळ्या एकाच दिशेला. "मॅडम, विहिरी कशा सरकतील?"

विहिरी सरकत नाहीत, पृथ्वीचा आकार बदलतो. म्हणजे आपण मानलेला आकार. भारताच्या जुन्या टोपोशीट, म्हणजे सर्वेक्षण खात्याचे छापील नकाशे, ब्रिटिश सर्वेक्षक जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या नावाच्या 1830 च्या लंबगोलावर बेतलेल्या; आपल्या मोबाइलमधलं जीपीएस डब्ल्यूजीएस 84 या दुसऱ्याच आकारावर चालतं. दोन्हीकडे अक्षांश-रेखांशाचे आकडे तेच लिहिले, तरी जमिनीवर जागा वेगळी येते. आकडे कोणत्या आकारावरचे आहेत एवढं सॉफ्टवेअरला सांगितलं, की तो फरक ते बऱ्यापैकी भरून काढतं. पण सांगणार कोण? फाइलबरोबर चिठ्ठीही नव्हती. शेवटी निवृत्त झालेल्या सरांना फोन लावला. ते म्हणाले, "अहो, त्या जुन्या टोपोशीटवरून उतरवल्या होत्या ना!" एका वाक्याचं काम, पण त्या पोरीचा सबंध पावसाळा त्यात गेला.

या वाक्याला शास्त्रात मेटाडेटा म्हणतात. मी त्याला डेटाचा सातबारा म्हणते. कुणी मोजलं, कधी, कशानं, कोणत्या आकारावर, रकान्यातला आकडा फुटात की मीटरमध्ये, आणि दुसऱ्यानं वापरलं तर चालेल का. सातबारा नसलेली जमीन कोण घेईल?

मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक खास काटा आहे. नकाशाचा डेटा साठवायला आपल्याकडे सर्रास शेपफाइल नावाचा फाइलींचा प्रकार वापरतात. तिच्यात रकान्याच्या नावाला जेमतेम दहा बाइटची जागा. देवनागरीचं एकेक चिन्ह, मात्रासुद्धा, तीन बाइट खातं. त्यामुळे 'विहिरीची खोली' लिहायला जावं, तर उरतं 'विह'. शिवाय शेपफाइल म्हणजे एक फाइल नव्हेच, तीन-चार फाइलींचं बिऱ्हाड. आकार कोणता ते सांगणारी नेमकी एक मागे राहते आणि बाकीच्या ईमेलनं निघून जातात. म्हणून मी जिओपॅकेज हा दुसरा प्रकार वापरायला सांगते. सगळं एकाच फाइलमध्ये, आणि रकान्याला पूर्ण मराठी नाव.

मग ती ठेवायची कुठे? पेन ड्राइव्हवर नको, प्राध्यापकांच्या लॅपटॉपवर तर नकोच. सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेनं 2013 पासून झेनोडो नावाचं भांडार चालवलंय. तिथं संशोधनाचा डेटा फुकट ठेवता येतो आणि त्याला डीओआय नावाचा कायमचा क्रमांक मिळतो. पुढे चूक सापडली तर दुरुस्त आवृत्ती चढवायची, जुनीही तिथंच राहते. आणि कुणी तुमच्या विहिरी वापरल्या, तर तो क्रमांक देऊन तुमचं नाव घेतो. विद्यार्थ्यांना हे सांगितलं, की चेहरे जरा उजळतात.

"पण सरकारची परवानगी?" हा हमखास प्रश्न. 15 फेब्रुवारी 2021 च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय व्यक्ती आणि संस्थांना नकाशाचा डेटा गोळा करायला आणि प्रसिद्ध करायला लागणारी पूर्वपरवानगीची अट काढली. संवेदनशील गोष्टींवर बंधनं आहेत, ती तेवढी नीट वाचून घ्यायची. भीती मात्र अजून जुन्याच काळातली आहे.

आता उलट बाजू. सगळंच उघडं करायचं नसतं. सह्याद्रीतल्या पठारांवर कंदीलपुष्पाच्या काही जाती अगदी मोजक्या जागी उरल्यात. त्यांचे अक्षांश-रेखांश पाच दशांशांपर्यंत दिले, तर मीटरभराच्या आत जागा सापडते. अभ्यासकाला सापडते तशी उपटणाऱ्यालाही. रुग्णांच्या घरांचं तसंच. अशा वेळी आकडा छाटायचा. एकच दशांश ठेवला की जागा अकराएक किलोमीटरच्या चौकोनात लपते. फूल कुठल्या भागात आहे ते कळतं, कुठल्या कातळाआड आहे ते कळत नाही. छाटलंय हेही सातबाऱ्यावर लिहायचं, नाहीतर पुढचा माणूस त्या आकड्यावर विश्वास ठेवून भलत्याच शेतात उभा राहील. आणि नेमकी जागा हवी असेल तर कुणाला विचारायचं, तेही लिहायचं. ज्याला खरंच काम करायचंय, तो पत्र पाठवतो.

नमस्कार.