शेळीने पाय उचलला, तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार. पाणबुड्या धडधाकट वर येतो आणि तासाभरात त्याचे खांदे-गुडघे ठणकू लागतात. कारण नायट्रोजन. दर 10 मीटर खोलीला दाब एका वातावरणाने, म्हणजे समुद्रकाठच्या हवेच्या दाबाइतका, वाढतो, तसा हवेतला नायट्रोजन रक्तात, चरबीत विरघळत जातो. घाईने वर आलात, तर तो श्वासावाटे निघून जाण्याआधीच अंगात बुडबुडे धरतो. सांध्याशी धरले तर कळा, मज्जारज्जूत धरले तर पाय लुळे.

वर यायचं कसं, हे शिकवलं शेळ्यांनी! ब्रिटिश नौदलासाठी हा शोध घेत होते शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन. लंडनच्या लिस्टर या वैद्यकीय संशोधन संस्थेत पोलादी टाकी होती. त्या टाकीत शेळ्या ठेवायच्या, दाब वाढवायचा, मग उतरवायचा आणि बघत राहायचं. शेळीला सांगता थोडंच येतं? पण सांधा दुखला की ती पुढचा पाय उचलून धरायची. हाच पुरावा. दाब संथ, एका गतीने उतरवला तरी शेळ्या पाय उचलायच्या. मग हॉल्डेननी आधी दाब झपाट्याने निम्म्यावर आणला, सहा वातावरणांवरून तीनवर, आणि पुढे थांबत थांबत उतरवला. तेवढ्याच वेळात त्रास कमी! कारण दाब एकदम निम्म्यावर आला तरी शरीर सोसतं, आणि खोलवर रेंगाळलं तर सावकाश भरणाऱ्या अवयवांत नायट्रोजन आणखी साचतो. पुन्हा सांगतो: आधी निम्म्यावर, मग थांबत थांबत. 1906 साली स्कॉटलंडच्या समुद्रात डॅमंट आणि कॅटो हे नौदलाचे पाणबुडे या पद्धतीने 64 मीटरवरून सुखरूप वर आले. 1908 साली वर येताना कुठे किती थांबायचं याचे तक्ते छापून आले. शाळेत वायूंचे नियम नुसती गणितं म्हणून उरकतात. तिथे या शेळ्या सांगायलाच हव्यात, मुलं जन्मात विसरणार नाहीत.

आता हौशी बुडीचं. मिनिटाला 9 मीटरहून वेगाने वर येऊ नका. 5 मीटरवर तीन ते पाच मिनिटं थांबा. श्वास रोखू नका. मालवणात सलग दोन-तीन दिवस बुड्या मारल्यात, तर 18 तास विमान नाही. पुन्हा सांगतो, 18 तास. आंबोलीचा घाटही त्यातच धरा, तिथेही हवेचा दाब कमीच.

आणि बुडीनंतर खांदा दुखला, तर भरलाय म्हणून तेल चोळत बसू नका. आडवं करा, मास्कने शुद्ध ऑक्सिजन द्या, पुन्हा पाण्यात उतरवू नका. दाबकक्ष असलेल्या रुग्णालयाला आधी फोन करा. तिथे 18 मीटर खोलीइतका दाब देऊन ऑक्सिजन देतात. बुडबुडे आक्रसतात, नायट्रोजन निघून जातो. पायाला मुंग्या असतील किंवा लघवी अडली असेल, तर सकाळची वाट पाहू नका.