फोन ठेवता आला पाहिजे

(नागरी सहकारी बँका आणि पतसंस्थांच्या कर्मचाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

नमस्कार. सुरुवात घरातून करतो.

गेल्या दिवाळीच्या आधी माझ्या आईला एका बँकेतून फोन आला. बोलणारा माणूस नव्हता, रेकॉर्ड केलेला आवाज होता. 'आपल्या ठेवीची मुदत संपत आहे, नूतनीकरणासाठी एक दाबा.' आईने काहीही न दाबता फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पासबुक पिशवीत घालून शाखा गाठली. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "आजी, इथे आम्हाला काही दिसत नाही. हेड ऑफिसचा असेल, नसेलही. तुम्ही असले फोन उचलताच कशाला?" फोन खरा होता, हे आठवड्याने कळलं. आईने केलं ते अगदी बरोबर केलं. चूक त्या मुलाचीही म्हणता येणार नाही. त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

तुमच्यातले बरेच जण हप्त्याची आठवण करून देणारे असे फोन सुरू करणार आहात. मला पहिला प्रश्न नेहमी हाच येतो की आवाज बाईचा घ्यायचा की पुरुषाचा. माझं म्हणणं, आवाजाचं नंतर बघू. आधी हे ठरवा की ग्राहकाने मधेच फोन ठेवला, तर त्याचं काही नुकसान होतं का? होत असेल, तर तुमचा फोन आणि 'आज रात्री साडेनऊला वीज तोडू' म्हणणाऱ्या भामट्याचा निरोप यांत ग्राहकाला फरक कसा कळावा? भामटा घाई करतो, फोन ठेवू देत नाही. 'डिजिटल अरेस्ट'मध्ये, म्हणजे पोलीस असल्याची बतावणी करून फोनवरच 'अटक' दाखवणाऱ्या फसवणुकीत, माणसं तासन् तास व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवली गेली.

यंत्राशी बोलायला आपली माणसं घाबरतात, हे मला मान्य नाही. गॅसचं बुकिंग घ्या. कमी शिकलेल्या बायकासुद्धा वर्षानुवर्षं यंत्राशी बोलून सिलिंडर मागवत आल्या आहेत. नंबर आपण लावायचा, तो गॅसच्या पुस्तकावर असतो, बुकिंगचा मेसेज येतो आणि मग टाकी खरोखर दाराशी येते. २०२०च्या अखेरीस डिलिव्हरीचा कोडही आला, पण तो सांगायचा टाकी दारात आल्यावर. इथे विश्वास आवाजावर बसलेला नाही, दाराशी आलेल्या टाकीवर बसलाय.

सहकारातल्या लोकांना तर हे मी सांगायला नको. दारोदार जाऊन रोजची छोटी बचत गोळा करणारी पिग्मी योजना सिंडिकेट बँकेने १९२८मध्ये सुरू केली, रोजच्या दोन-दोन आण्यांवर. आजही तुमचा पिग्मी एजंट भाजीवाल्याकडून पन्नास रुपये घेतो. भाजीवाला ते का देतो? एजंट गोड बोलतो म्हणून नव्हे. त्याच्यासमोर नोंद होते, आणि शंका आली तर शाखेत जाऊन ती ताडून बघता येते. तुमच्या यंत्राच्या फोनलाही अशी नोंद हवी.

नंबरचं थोडक्यात सांगतो. जानेवारी २०२५मध्ये रिझर्व्ह बँकेने बजावलं आहे की व्यवहाराचे आणि सेवेचे फोन १६००ने सुरू होणाऱ्या नंबरांवरून करायचे आणि जाहिरातीचे १४०ने सुरू होणाऱ्या. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण ग्राहक तोच आहे, त्याच्या मनातली शंका तीच आहे. निदान एवढं तरी पाळा की हप्त्याची आठवण देणाऱ्या फोनच्या शेवटी सोनेतारण कर्जाची जाहिरात जोडू नका. तसं एकदा केलंत की पुढचा प्रत्येक फोन जाहिरातीचा धरला जातो आणि कामाची गोष्ट ऐकायला कुणी थांबत नाही.

दुसरी गोष्ट शांततेची. फोन उचलला, 'हॅलो, हॅलो' केलं, पलीकडे काहीच नाही आणि फोन कट. डायलर, म्हणजे आपोआप नंबर लावणारं यंत्र, मोकळ्या कर्मचाऱ्यांपेक्षा जास्त नंबर एकदम लावतो. दोघांनी एकाच वेळी उचलला की एकाला कुणीच मिळत नाही. यंत्राच्या दृष्टीने तो 'ड्रॉप कॉल'. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला मात्र वाटतं, कुणीतरी पाळत ठेवतंय. डायलरचा वेग कमी करा. थोडे फोन कमी होतील, होऊ द्या.

आता आवाज. हिंदीवर घडवलेला आवाज मराठी वाचायला लावला की जळगावचा 'ज' 'जय'मधल्या 'ज'सारखा होतो आणि 'ळ'चा 'ल' होतो. चाकणच्या माणसाला 'चाकण'मधला 'च' चहातल्या 'च'सारखा ऐकू आला की हा फोन आपल्या गावच्या शाखेचा नाही, हे तो पहिल्या वाक्यात ओळखतो. आकड्यांचंही तसंच. 'एक दोन पाच शून्य शून्य शून्य' म्हणू नका, 'सव्वा लाख' म्हणा. 'आपली देय रक्कम प्रलंबित आहे' हे वाक्य कुठल्या शाखेत कोण बोलतं? 'तुमचा या महिन्याचा हप्ता अजून जमा झालेला नाही' असं म्हणा.

आणि यंत्राने आपण यंत्र आहोत, हे आधी सांगावं. मे २०१८मध्ये गूगलने ड्युप्लेक्स हे माणसाच्या वतीने फोन करणारं यंत्र दाखवलं. ते सलूनमध्ये फोन करून, मधेच हुंकार देत, माणसासारखं बोललं. सभागृहात टाळ्या पडल्या, पण पलीकडच्या बाईला माहीतच नव्हतं की आपण यंत्राशी बोलतोय. टीका झाल्यावर यंत्र स्वतःची ओळख देईल, असं गूगलला सांगावं लागलं. आता तर आवाज त्याहून हुबेहूब झालेत. म्हणून 'मी बँकेचा स्वयंचलित आवाज आहे, तुमच्याकडून ओटीपी किंवा पिन विचारणार नाही' हे वाक्य पहिलं हवं. पुढचं वाक्य असं ठेवा: 'खात्री करायची असेल तर फोन ठेवा आणि पासबुकावरच्या नंबरवर शाखेला विचारा.'

हे वाक्य घालायला व्यवस्थापन कचरतं, कारण मग लोक खरंच फोन ठेवतात. ठेवू द्या. पण ते शाखेत विचारायला येतील, तेव्हा काउंटरवर उत्तर तयार पाहिजे. त्यासाठी मोठं सॉफ्टवेअर लागत नाही. काल कोणत्या खात्यांना, किती वाजता, कशासाठी फोन गेले, याची यादी सकाळी शाखा उघडताना टेबलावर असली तरी पुरे. माझी आई पिशवी घेऊन आली की तिथल्या मुलाने यादीवर बोट फिरवायचं आणि सांगायचं, "हो आजी, काल सकाळी अकरा वाजता गेला होता, तुमच्या ठेवीचाच होता. बसा, फॉर्म देतो."