भागाकाराचा रकाना

(टेबलावर धुण्याच्या पावडरीचे तीन पुडे. कॅमेरा लहानाकडून मोठ्याकडे.)

हात आपोआप मोठ्या पुड्याकडे जातो. मोठं घेतलं की स्वस्त पडतं, हे डोक्यात पक्कं बसलेलं. आता पुडे फिरवू. मागे, बारीक अक्षरांत, निव्वळ वजन: ४५० ग्रॅम, ९०० ग्रॅम, दीड किलो.

(स्क्रीन. रिकामी स्प्रेडशीट.)

ए रकान्यात पुडा, बीमध्ये किंमत, सीमध्ये वजन. किमती १०८, १८९, ३३०. डी२ मध्ये बरोबरचं चिन्ह, मग बी२, तिरकी रेघ, सी२. एंटर. किंमत भागिले वजन: एका ग्रॅमला ०.२४ रुपये. चौकटीच्या कोपऱ्यातला तो इवलासा ठिपका धरून खाली ओढायचं. ०.२१. आणि तिसऱ्या पुड्यासमोर... २२०.

(२२० वर कॅमेरा स्थिर.)

पुडा हजारपट महाग झालेला नाही. सी४ मध्ये १.५ आहे, वरच्या दोन ओळी ग्रॅममध्ये, ही किलोत. सूत्राला ग्रॅम-किलो कळत नाही, समोर येईल त्या आकड्याने ते भागून मोकळं होतं. बरं, "१५०० ग्रॅम" असं शब्दासकट लिहिलं, तर भागाकारच होत नाही, चौकटीत एरर येते. म्हणून रकान्यात नुसता आकडा, 'ग्रॅम' वर मथळ्यात. १५००. एंटर. ०.२२.

सगळ्यात स्वस्त मधला.

(फळा. खडूचा तक्ता. एक आकडा पुसला जातो, मग त्याखालचे सगळे.)

हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकताना डॅन ब्रिकलिन यांना फळ्यावरची हीच पुसापुशी खटकली. एक आकडा बदलला की पुढचं सगळं पुन्हा मांडायचं. बॉब फ्रँकस्टन यांच्यासोबत त्यांनी १९७९ मध्ये व्हिसिकॅल्क हे स्प्रेडशीटचं सॉफ्टवेअर आणलं. उभ्या रकान्यांना अक्षरं, आडव्या ओळींना आकडे: आपलं डी२ तिथलंच.

(पुन्हा स्क्रीन. कीबोर्डवर बोटं.)

०.२१ आणि ०.२२ मधला फरक डोळ्यांत भरत नाही. म्हणून एफ१ मध्ये १०० लिहू आणि डीच्या सूत्राला एफ१ ने गुणू. खाली ओढलं... शून्य, शून्य. ओढताना एफ१ चं एफ२ झालं, पुढे एफ३, आणि तिथे काहीच नाही. सूत्रातल्या एफ१ वर कर्सर ठेवून एफ४ ही कळ दाबली की दोन डॉलरखुणा लागतात आणि पत्ता जागचा हलत नाही. आता २४, २१, २२. दर १०० ग्रॅमला. डीच्या रकान्यावर 'मिन' लावला की सर्वांत लहान दर वेगळ्या चौकटीत हजर.

(पुड्यावरची पिवळी पट्टी, अगदी जवळून: '२० टक्के जादा'.)

या पट्टीची आम्हाला विशेष आवड. २० टक्के जादा म्हणजे २० टक्के स्वस्त नव्हे. १०० भागिले १२०: त्याच किमतीत दर उतरतो तो १७ टक्क्यांहूनही कमी. सीमध्ये पट्टीवरचं काही भरायचं नाही, मागचं निव्वळ वजन भरायचं.

मोठ्या पुड्यातली पावडर ओल लागून दगड झाली, तर हा दर फुकट. आणि एका धुण्याला किती लागते, हा रकाना इथे नाही.

(चौथा पुडा टेबलावर येतो. हात तो उलटा करतात. ए५ मध्ये कर्सर लुकलुकतो.)