लपणातली फट आणि एक मीटरची पट्टी

नमस्कार. आजचा विषय तुम्ही पत्रिकेत वाचला आहे: अपंग व्यक्तींसाठी निसर्गवाटा आणि अभयारण्यं सुगम कशी करायची. त्याकडे येतेच. आधी मला एका फटीबद्दल बोलायचंय.

इथे बरेच जण पाणपक्षी बघणारे दिसताहेत, त्यामुळे लपण म्हणजे काय ते सांगायला नको. फळ्यांची खोली, पाण्याकडच्या भिंतीला आडवी फट, तिच्यातून दुर्बीण लावायची. माझी एक मैत्रीण बरीच वर्षं व्हीलचेअर वापरते. पक्ष्यांचे आवाज ओळखण्यात आमच्या गटात तिचा हात धरणारं कुणी नाही. आम्ही दोघी एका अभयारण्यात गेलो होतो. फाटकावर निळी पाटी, तिच्यावर खुर्चीचं चित्र. तिकीटखिडकीला व्यवस्थित उतार, स्वच्छतागृहाचं दार रुंद, आत धरायला दांडे. आम्ही खूश. तेवढ्यात फाटकावरच्या माणसानं मला विचारलं, "ताई, या कुठपर्यंत येणार?" मला विचारलं. ती माझ्या शेजारीच होती. तिनंच उत्तर दिलं, "लपणापर्यंत."

वाट सुरुवातीला चांगली दाबलेली होती, पुढे सुटी खडी लागली. व्हीलचेअरची पुढची चाकं छोटी असतात, ती खडीत रुततात. मागून जोर लावला तर बसलेला माणूस पुढे फेकला जातो. मग एक उपाय उरतो, खुर्ची उलटी फिरवायची आणि ओढत न्यायची. शेवटची शंभरेक पावलं मी तिला तशी ओढत नेली. तलाव जवळ येत होता आणि तिचं तोंड वाहनतळाकडे होतं. लपणाच्या दाराशी चार बोटं उंबरा. दोन कॉलेजची मुलं धावून आली, त्यांनी खुर्ची उचलून आत ठेवली.

आणि आत ती फट. उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर. बसलेल्या मोठ्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण 110 ते 130 सेंटीमीटरवर असतात. तिच्या डोळ्यांसमोर फळी आली. फळीत एक गाठ होती, तपकिरी, अंड्याएवढी. अर्धा तास ती त्या गाठीसमोर बसून होती. मधेच म्हणाली, "खंड्या. डावीकडून आला बघ." मी फटीतून पाहिलं, खरंच निळी रेघ पाण्यावरून डावीकडून गेली. तिनं ऐकला, मी पाहिला. बाहेर पडताना ती म्हणाली, "गाठ मात्र सुरेख होती गं." तुम्ही हसलात, तेव्हा मीही हसले होते. परतीच्या वाटेवर आम्ही दोघी बोललो नाही.

उतार, दार, दांडे यांवर तिथे खर्च झाला होता, तोही मनापासून. पण साखळीची शेवटची कडी, जिच्यासाठी माणूस घरून निघतो, तीच कुणी बसून पाहिली नव्हती.

आता थोडं आडवळण घेते. जंगल म्हणजे बघायची गोष्ट, हे आपण धरूनच चालतो. खेरात व्हर्माय हे नाव ऐकलंय? जन्म 1946, नेदरलंड्समधला. लहानपणीच दृष्टी गेली. हा माणूस पुढे शंखशिंपल्यांचा जगात नावाजलेला अभ्यासक झाला, बोटांच्या जोरावर. शंखाच्या कडेवरून बोट फिरवायचं, खेकड्यानं कुठे फोडलाय आणि आतल्या जीवानं ती जागा पुन्हा कशी भरून काढलीय, ते चाचपायचं. शिकारी आणि भक्ष्य यांच्या लाखो वर्षांच्या चढाओढीवरचं त्यांचं काम अशा खुणांवर उभं आहे. अशा माणसाला आपण वाटेवर काय देतो? काचेच्या पेटीत ठेवलेला शंख आणि 'हात लावू नये' ही पाटी.

1967 साली कोलोरॅडोत अ‍ॅस्पेनजवळ रॉबर्ट लुईस यांनी ब्रेल निसर्गवाट आखली. दोरी धरून चालायचं, थांब्यावर ब्रेल पाटी वाचायची. दक्षिण आफ्रिकेत कर्स्टनबॉश वनस्पती उद्यानातही दोरीची ब्रेल वाट आहे. मला या वाटा फार आवडतात. तरी एक खटकतं. अंध माणसाची वाट वेगळी आणि त्याच्या घरच्यांची वेगळी, असं व्हायला नको. ज्या वाटेवर सगळे चालतात तिथेच दोरी हवी.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरली. मुख्य विषय अजून बाकी आहे, तेव्हा भरभर सांगते.

पहिलं म्हणजे माहिती. अमेरिकेच्या अ‍ॅक्सेस बोर्डानं, म्हणजे सुगमतेचे नियम ठरवणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेनं, 2013 मध्ये सरकारी मोकळ्या जागांसाठी नियम काढले. वाटेची रुंदी किमान 915 मिलिमीटर. चढ 1:20 पर्यंत, म्हणजे वीस मीटरला एक मीटर, असेल तर अंतराला मर्यादा नाही. 1:12 पर्यंत असेल तर 61 मीटरनंतर विसाव्याची सपाट जागा हवी. मला त्यातला सर्वांत मोलाचा वाटतो तो पाटीचा नियम. वाटेच्या तोंडाशी लांबी, पृष्ठभाग, रुंदी, नेहमीचा चढ आणि सर्वांत जास्त चढ लिहायचा. निळ्या खुर्चीच्या चित्रावरून काहीच कळत नाही, आकड्यांवरून माणूस आपलं आपण ठरवतो. मग फाटकावर "या कुठपर्यंत येणार" हे विचारायची वेळ येत नाही.

दुसरं, "जंगलात सिमेंट ओतायचं का?" हा प्रश्न. नाही ओतायचं. बारीक खडीचा चुरा ओला करून नीट दाबला, पाण्याला बाजूनं वाट दिली, की चाक चालतं. दलदलीत लाकडी मार्ग बांधला तर मातीही तुडवली जात नाही, मुळंही वाचतात. फळ्या मात्र चालण्याच्या दिशेला आडव्या टाका आणि दोन फळ्यांमधली फट 13 मिलिमीटरच्या आत ठेवा, नाहीतर चाक आणि काठी अडकते. कडेला बुटकी पट्टी ठोका, पांढऱ्या काठीला कड कळते. मोटारसायकली अडवायला फाटकावर नागमोडी लोखंडी अडसर लावतात, त्यात व्हीलचेअर पहिली अडकते, तेही बघा. वाटाड्यांनो, चालता चालता पुढे तोंड करून बोलू नका. ओठ वाचणाऱ्याला तुमची पाठ ऐकू येत नाही. आणि गर्दी, गोंगाट सोसत नाही अशांसाठी आठवड्यातली एक शांत सकाळ राखून ठेवा.

चढ कसा मोजायचा, एवढं दाखवते आणि थांबते. ही एक मीटरची सरळ पट्टी, वर ही पाणसळ. पट्टीचं एक टोक चढाच्या बाजूला जमिनीवर टेकवायचं, दुसरं टोक बुडबुडा मधोमध येईपर्यंत उचलायचं. आता त्या टोकाखालची फट मोजा. पाच सेंटीमीटर भरली तर 1:20. आठ आणि थोडी वर, तर 1:12. त्यापुढे गेली तर पाटीवर तसं लिहा.

उद्या सकाळी साडेसहाला आपल्या वाटेच्या तोंडाशी जमायचंय. पट्टी मी आणते, पाणसळ मैत्रिणीकडे आहे. बुडबुडा तीच बघणार आहे, आकडे लिहायला दोघं-तिघं हवेत.