तीन फूट, सहा फूट, सात फूट

श्रोतेहो, नमस्कार. तीन फूट रुंद, सहा फूट लांब आणि सात फूट उंच अशा अंधाऱ्या कोठडीत माहर अरार या कॅनडाच्या नागरिकाने दहा महिने आणि दहा दिवस काढले. छताला एक झरोका होता, त्यातून मांजरांचे मूत्र अंगावर पडे. त्या कोठडीला ते कबर म्हणत.

अरार यांचा जन्म सीरियातला. पण वयाच्या सतराव्या वर्षी ते कुटुंबासह कॅनडात गेले आणि पुढे ओटावात दूरसंचार अभियंता म्हणून स्थिरावले. २६ सप्टेंबर २००२ रोजी ट्युनिसहून सुट्टी संपवून परतताना, केवळ विमान बदलण्यासाठी ते न्यूयॉर्कला उतरले आणि तिथेच त्यांना ताब्यात घेण्यात आले. कॅनडाच्या पोलिसांची नजर खरे तर दुसऱ्याच एका माणसावर होती. त्याच्याशी अरार यांची ओळख होती आणि १९९७ च्या घरभाड्याच्या कागदावर त्याचे नाव होते. एवढ्या पातळ धाग्यावरून अरार आणि त्यांच्या पत्नीची नोंद अल कायदाशी संबंधाचा संशय असलेले इस्लामी अतिरेकी म्हणून झाली, आणि तीच अमेरिकेच्या हाती गेली. अमेरिकेने त्यांना कॅनडात नव्हे, तर खासगी विमानाने जॉर्डनला आणि तिथून सीरियात पाठवले.

दमास्कसमध्ये जाड विजेच्या केबलने त्यांना मारण्यात आले. मार थांबावा म्हणून, कधीही न पाहिलेल्या अफगाणिस्तानात आपण प्रशिक्षण घेतल्याचे त्यांनी कबूल केले. कॅनडाचे अधिकारी भेटायला येत. पण समोर सीरियाचे अधिकारी बसलेले असताना हा माणूस काय बोलणार? मला या हकिकतीत सर्वांत अधिक छळते ते हेच, की मदत हाताच्या अंतरावर बसली होती आणि तोंड उघडता येत नव्हते. ऑगस्ट २००३ मध्ये मात्र त्यांना राहवले नाही. पहारेकऱ्यांच्या देखत त्यांनी कोठडीची ती तीन मापे सांगून टाकली. ऑक्टोबरमध्ये ते सुटले.

न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांच्या चौकशी आयोगाने २००६ मध्ये अरार यांना निर्दोष ठरवले आणि पोलिसांनी चुकीची माहिती पुरवल्याचे स्पष्ट नोंदवले. जानेवारी २००७ मध्ये पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी माफी मागितली. एक कोटी पाच लाख डॉलरची भरपाईही मिळाली. अमेरिकेतल्या न्यायालयांनी मात्र त्यांचा दावा गुणदोषांवर ऐकलाच नाही, आणि २०१० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही दार उघडण्यास नकार दिला.